सीडीएन सेवेचे श्रेणीवार दर कसे ठरवावेत: खर्चाच्या हिशेबापासून अंतिम दरपत्रकापर्यंत

सीडीएन म्हणजे संकेतस्थळांच्या फायलींच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवून त्या वाचकाला जवळून पोचवणारं जाळं. त्याचं दरपत्रक तयार करायला बसलं की बहुतेक ठिकाणी एकच पद्धत दिसते. दोन-तीन मोठ्या कंपन्यांचे दर समोर ठेवायचे, प्रत्येक गीगाबाइटमागे थोडं कमी करायचं आणि त्याचे साधा, मध्यम, उत्तम असे तीन प्लॅन पाडायचे. कागदावर हे नीटनेटकं दिसतं. वर्षाअखेरीस ग्राहकवार हिशेब मांडला की मग कळतं, सर्वांत मोठं बिल भरणारा ग्राहक तोट्यात चाललाय आणि त्याचा भार ज्यांची डेटाची वाहतूक शांत, सरळ आहे असे मधले ग्राहक उचलताहेत. काही काळाने हे मधले ग्राहक स्वस्त पर्याय शोधून निघून जातात आणि तोट्याचा ग्राहक मात्र तुमच्याकडेच राहतो.

याचं मूळ कारण असं की सीडीएन चालवणाऱ्याचा खर्च गर्दीच्या वेळी किती वेग लागतो यावर ठरतो, आणि ग्राहकाचं बिल मात्र महिन्याभरात एकूण किती डेटा गेला यावर निघतं. खर्च आणि बिल यांच्यातली ही दरी बुजवायला श्रेणी उपयोगी पडतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच दृष्टीने मांडल्या आहेत. स्वतःचं जाळं चालवणाऱ्याला त्या लागू पडतातच, पण दुसऱ्याची सेवा घाऊक घेऊन किरकोळ विकणाऱ्यालाही त्यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

पहिली पायरी: खर्च नेमका कशामुळे वाढतो ते शोधा

इथे घाई करू नका. बाकीचं सगळं याच पायावर उभं राहणार आहे.

बाहेरच्या जाळ्यांशी जोडणाऱ्या ट्रान्झिटचं बिल बहुधा ९५व्या शतमकावर निघतं. दर पाच मिनिटांना पोर्टवरचा (जाळ्याच्या जोडणीच्या तोंडावरचा) सरासरी वेग नोंदवला जातो. ३० दिवसांच्या महिन्यात अशा ८,६४० नोंदी होतात. त्या उतरत्या क्रमाने लावायच्या, वरच्या ५ टक्के म्हणजे ४३२ नोंदी सोडून द्यायच्या आणि त्यानंतर जी पहिली नोंद येईल त्या वेगाचे पैसे भरायचे. या ४३२ नोंदी म्हणजे बरोबर ३६ तास. महिन्यातले सर्वांत गर्दीचे ३६ तास बिलात मोजले जात नाहीत, पण ३७व्या तासाला जो वेग होता त्याचे पैसे पूर्ण महिन्यासाठी द्यावे लागतात.

आता एक रूपांतर लक्षात ठेवा, ते रोज लागतं. १ एमबीपीएस (सेकंदाला १० लाख बिट) वेगाने महिनाभर अखंड डेटा गेला तर ३२४ गीगाबाइट (जीबी) होतो. म्हणजे त्याच्या हजारपट, १ जीबीपीएस, अखंड चालला तर ३२४ टीबी (१ टीबी म्हणजे १,००० जीबी).

दोन ग्राहक घ्या, दोघांचाही महिन्याचा डेटा ३२४ टीबी. पहिला सॉफ्टवेअरचे अपडेट वाटतो. त्याची वाहतूक दिवसरात्र सारखी, म्हणून त्याला १ जीबीपीएस पुरतो. दुसरा रोज संध्याकाळी तीन तास थेट प्रक्षेपण करतो आणि इतर वेळी गप्प असतो. महिन्याचे ९० तास झाले. तेवढ्या वेळात ३२४ टीबी पोचवायला त्याला ८ जीबीपीएस लागतात. ९० तास हे ३६ पेक्षा बरेच जास्त, त्यामुळे ९५वं शतमकही त्याला वाचवत नाही. गीगाबाइटचा दर एकच ठेवलात तर दोघांकडून सारखेच पैसे येतील आणि दुसऱ्यासाठी मात्र आठपट क्षमता उभी करावी लागेल.

याच्या पुढची गोष्ट आणखी महत्त्वाची आहे. एखाद्या ग्राहकाचं स्वतःचं शिखर किती उंच यापेक्षा ते तुमच्या जाळ्याच्या शिखराशी जुळतं का, हे पाहायला हवं. बाकीचे सगळे झोपलेले असताना ८ जीबीपीएस खेचणारा ग्राहक जवळपास फुकटात पोसला जातो, कारण ती क्षमता तुम्ही इतरांसाठी आधीच विकत घेतलेली असते. तोच ग्राहक संध्याकाळच्या गर्दीत आला की त्याच्यासाठी नवे पोर्ट, नवे सर्व्हर घ्यावे लागतात. जगभर जाळं आहे म्हणून वेगवेगळ्या प्रदेशांची शिखरं एकमेकांना झाकतील अशी आशा फार ठेवू नका. एका खंडातला रिकामा सर्व्हर दुसऱ्या खंडातल्या प्रेक्षकाला वेगाने व्हिडिओ देऊ शकत नाही. शिखर प्रत्येक प्रदेशाचं वेगळं मोजावं लागतं.

दुसरा खर्च विनंत्यांचा. एक फाइल मागितली की एक विनंती. तेच ३२४ टीबी १० एमबीच्या फायलींमध्ये गेले तर ३ कोटी २४ लाख विनंत्या होतात. १० केबीच्या छोट्या चित्रांमध्ये गेले तर ३,२४० कोटी. डेटा तेवढाच आणि विनंत्या हजारपट. प्रत्येक विनंतीला प्रोसेसर लागतो, एन्क्रिप्शन लागतं, लॉगची (नोंदवहीची) ओळ लागते.

तिसरा खर्च कॅशे चुकण्याचा. कॅशे म्हणजे सीडीएनच्या सर्व्हरवर ठेवलेल्या प्रती; मागितलेली फाइल तिथे नसेल तर ती ग्राहकाच्या मूळ सर्व्हरवरून आणावी लागते. कॅशेतून मिळणाऱ्या विनंत्यांचं प्रमाण ९५ टक्क्यांवरून ९० वर आलं तर ऐकायला पाचच टक्के वाटतात, पण मूळ सर्व्हरकडे जाणारी वाहतूक ५ वरून १० टक्के होते, म्हणजे दुप्पट. क्वचित पाहिले जाणारे हजारो व्हिडिओ ठेवणारा ग्राहक इथे महाग पडतो, कारण त्याच्या फायली डिस्कवर जागा अडवतात आणि पुन्हा मागितल्या जाण्याआधीच बाहेर फेकल्या जातात.

चौथा खर्च भूगोलाचा. जिथे इंटरनेट एक्स्चेंज मोठे आहेत आणि बरीच जाळी एकाच इमारतीत भेटतात, तिथे वाहतूक स्वस्त असते. फ्रँकफर्ट, ॲमस्टरडॅम, लंडन ही ठळक उदाहरणं. जिथे डेटा लांबच्या समुद्री केबलवरून आणावा लागतो किंवा बाजार दोन-तीन मोठ्या कंपन्यांच्या हातात असतो, तिथे तोच एमबीपीएस कितीतरी महाग पडतो. ॲमेझॉनच्या क्लाउडफ्रंट या सीडीएनचं दरपत्रक पाहिलंत तर प्रदेशागणिक दर वेगळे दिसतील, ते याचमुळे.

दुसरी पायरी: प्रत्येक ग्राहकाचा गर्दीतला वाटा काढा

किमान तीन महिन्यांचे लॉग घ्या आणि पाच-पाच मिनिटांचे तुकडे करा. प्रत्येक प्रदेशात जाळं सर्वांत भरलेलं होतं असे वरचे शंभरेक तुकडे निवडा. एकच तुकडा घेऊ नका. एखाद्या अपघाती उसळीने सगळं चित्र बिघडतं. त्या तुकड्यांमध्ये प्रत्येक ग्राहकाची वाहतूक किती टक्के होती ते काढा. हा त्याचा गर्दीतला वाटा. शेजारच्या रकान्यात त्याचा महिन्याच्या एकूण डेटातला वाटा लिहा.

पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा, हे त्याचं गुणोत्तर. उत्तर १ च्या आसपास आलं तर तो ग्राहक सरासरीइतका महाग. ३ आलं तर त्याचा प्रत्येक गीगाबाइट तुम्हाला तिप्पट क्षमता मोजायला लावतोय. ०.३ आलं तर तो तुमच्या रिकाम्या वेळेत राहतो आणि त्याला भरपूर सवलत देऊनही तुम्ही फायद्यात राहाल. मला विचाराल तर दर ठरवणाऱ्याकडे एकच आकडा असायचा असेल तर तो हा असावा. याच तक्त्यात फाइलचा सरासरी आकार, कॅशेचं प्रमाण आणि प्रदेशवार विभागणी हे रकाने जोडा.

तक्ता पूर्ण झाला की ग्राहकांचे तीन-चार गट आपोआप डोळ्यांसमोर येतात: संथ मोठे डाउनलोड, छोट्या फायलींची संकेतस्थळं, मागणीनुसार व्हिडिओ, थेट प्रक्षेपण. श्रेणी या गटांवरून आखायच्या. ‘छोटा, मध्यम, मोठा ग्राहक’ या विभागणीवरून आखल्या की पुन्हा पहिल्या परिच्छेदातल्या अडचणीत जाऊन पडाल.

तिसरी पायरी: कोणत्या मापाने मोजायचं ते ठरवा

प्रत्येक जीबीमागे दर हे सर्वांत सोपं माप. ग्राहकाला ते लगेच समजतं आणि तो आपला खर्च आधी काढू शकतो. पण गर्दीबद्दल ते काहीच बोलत नाही. मोठ्या फायली, पसरलेली वाहतूक असेल तर हे माप चांगलं.

९५व्या शतमकावर बिल करणं तुमच्या खर्चाशी जास्त जुळतं, आणि ज्या ग्राहकांकडे स्वतःचे नेटवर्क अभियंते आहेत त्यांना ते पटतं. त्यात एक भगदाड आहे. महिन्यातून दहा दिवस तीन-तीन तास प्रक्षेपण करणाऱ्याचे ३० तास होतात. ३६ तासांच्या आत असल्याने त्याची सगळी उसळी बिलाबाहेर राहते. ट्रान्झिटवाल्याचं बिल कदाचित तुम्हालाही वाढीव येणार नाही, पण सर्व्हर आणि पोर्ट तर उभे करावेच लागले. म्हणून थेट कार्यक्रमांसाठी मी राखीव क्षमतेचा वेगळा आकार सुचवतो: अमुक तारखेला अमुक प्रदेशात इतके जीबीपीएस राखून ठेवले, त्याचं शुल्क वापर होवो न होवो द्यायचं, आणि वर प्रत्यक्ष डेटाचा कमी दर.

विनंत्यांचं शुल्क वेगळं लावणं छोट्या फायलींच्या ग्राहकांबाबत न्याय्य ठरतं. क्लाउडफ्रंट दर १०,००० विनंत्यांमागे आकार घेतं आणि त्यात एचटीटीपी (साध्या) व एचटीटीपीएस (एन्क्रिप्ट केलेल्या) विनंत्यांचे दर वेगळे ठेवतं. लहान ग्राहकाला मात्र विनंत्यांचा अंदाजच येत नाही. खालच्या श्रेणीत विनंत्या दरातच धरून टाका आणि एका मर्यादेनंतरच मोजा.

राहिलं ठरावीक मासिक शुल्क. क्लाउडफ्लेअर या सीडीएन कंपनीने २०१० मध्ये सेवा सुरू केली तेव्हापासून मोफत प्लॅन आहे आणि ठरावीक शुल्काच्या प्लॅनमध्ये साध्या संकेतस्थळाच्या बँडविड्थचे पैसे मोजून घेतले जात नाहीत. हजारो छोट्या संकेतस्थळांची वाहतूक एकत्र केली की ती सपाट होते, म्हणून हे जमतं. तुमच्याकडे चाळीसच ग्राहक असतील तर एकटा व्हिडिओवाला सगळं गणित उलटवू शकतो. तेव्हा ठरावीक शुल्काच्या श्रेणीत व्हिडिओ आणि मोठ्या फायलींबद्दलचा नियम स्पष्ट शब्दांत लिहा आणि तो प्लॅनच्या पानावरच ठेवा, अटींच्या शेवटच्या कलमात लपवू नका.

चौथी पायरी: दोन श्रेणींमधलं कुंपण

वरच्या श्रेणीत काय द्यायचं हे सगळेच ठरवतात. खरा प्रश्न खालच्या श्रेणीत काय द्यायचं नाही हा आहे, आणि इथे प्रामाणिकपणा लागतो.

फ्रेंच अभियंता आणि अर्थशास्त्रज्ञ ज्यूल द्युप्युई यांनी १८४९ मध्ये रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाबद्दल जे निरीक्षण नोंदवलं ते आजही लागू आहे. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नव्हतं, ते छपराचा खर्च वाचवायला नव्हे. दुसऱ्या वर्गाचं भाडं परवडणाऱ्याने तिसऱ्यात बसू नये म्हणून. गरिबाला त्रास द्यायचा हेतू नसतो, पण त्रास त्यालाच होतो. सीडीएनमध्ये मुद्दाम वेग घटवणं हे याच जातीचं आहे. सर्व्हर रिकामा असताना खालच्या श्रेणीची फाइल रोखून धरण्याने तुमचा एक पैसा वाचत नाही आणि ग्राहकाचं नुकसान मात्र होतं. मी ते टाळा म्हणेन.

याच्या उलट टोकाचा विचार गणितज्ञ अँड्र्यू ओड्लिझ्को यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस मांडला. पॅरिसच्या मेट्रोत एकेकाळी पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे डबे जवळपास सारखेच असत, तिकीट तेवढं वेगळं. महाग डब्यात कमी लोक बसत, म्हणून तिथे जागा मिळे. इंटरनेटवरही सारख्याच वागणुकीच्या पण वेगळ्या दराच्या वाहिन्या ठेवल्या तर महाग वाहिनी आपोआप मोकळी राहील, असं त्यांचं म्हणणं. सीडीएनला हे जसंच्या तसं उचलता येत नाही, पण त्यातला गाभा घेता येतो: गर्दी नसताना सगळ्यांना सारखं द्या, फरक फक्त गर्दीत पडू द्या. संध्याकाळी पोर्ट भरत आला की खालच्या श्रेणीची वाहतूक थोड्या लांबच्या केंद्राकडे वळवायची आणि वरच्या श्रेणीला जवळचं केंद्र मोकळं ठेवायचं. या फरकाला खर्चाचा आधार असतो, म्हणून तो ग्राहकाला समजावून सांगता येतो.

प्रदेशांचं कुंपणही असंच प्रामाणिक आहे. क्लाउडफ्रंटचे ‘प्राइस क्लास’ हेच करतात: ग्राहक महागडे प्रदेश वगळू शकतो, तिथल्या वाचकाला लांबून सेवा मिळते, बिल कमी येतं. कधी वगळलेल्या प्रदेशातून एखादी विनंती पुरवली गेली तरी निवडलेल्या वर्गातला सर्वांत कमी दरच लागतो, हा त्यातला बारकावा चांगला आहे. चूक जाळ्याच्या सोयीची असेल तर तिचे पैसे ग्राहकाला लागू नयेत.

फाइल कॅशेत किती काळ टिकेल, दर वेळी बदलणाऱ्या पानांसाठी वेगवान मार्ग, मूळ सर्व्हरपुढे एक मधला कॅशे, लॉग तासाभराने की लगेच, अभियंता फोनवर किती वेळात येईल, ही कुंपणंही चालतात, कारण यातल्या प्रत्येकाला खरा खर्च येतो.

सुरक्षेच्या मूलभूत गोष्टी मात्र कुंपणाच्या वर टाकू नका. क्लाउडफ्लेअरने सप्टेंबर २०१४ मध्ये मोफत ग्राहकांनाही एसएसएल (एचटीटीपीएसमागचं एन्क्रिप्शन) दिलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये डीडॉस (असंख्य यंत्रांवरून एकदम वाहतूक ओतून सेवा बंद पाडण्याच्या) हल्ल्याच्या वाहतुकीचं मोजमाप थांबवलं. त्यानंतर एचटीटीपीएससाठी जादा पैसे मागणारं दरपत्रक जुनाट दिसू लागलं. शिवाय असुरक्षित ग्राहक तुमच्याच जाळ्यावर असतो. त्याच्यावरचा हल्ला शेजारच्या महागड्या ग्राहकालाही झोडपतो.

उपलब्धतेच्या हमीबद्दल एक आकडेमोड करून ठेवा. ३० दिवसांत ९९.९ टक्के म्हणजे ४३.२ मिनिटं बंद राहण्याची मुभा, ९९.९९ टक्के म्हणजे ४.३२ मिनिटं. ८ जून २०२१ रोजी फास्टली या सीडीएन कंपनीचं जाळं जगभर कोलमडलं. एका ग्राहकाने केलेल्या वैध बदलामुळे सॉफ्टवेअरमधला दडलेला दोष जागा झाला होता. ४९ मिनिटांत जाळ्याचा ९५ टक्के भाग पूर्ववत झाला, आणि ही दुरुस्ती अतिशय जलद म्हणावी लागेल. तरीही ४९ मिनिटं म्हणजे ९९.९ टक्क्यांची महिन्याची मुभा संपली. सगळ्या श्रेणी एकाच सॉफ्टवेअरवर, एकाच वेळी बदलत असतील तर वरच्या श्रेणीला हमीत जास्त नऊ (९९.९ ऐवजी ९९.९९) लिहून देण्याला अर्थ नाही. नवं सॉफ्टवेअर आधी मोफत किंवा खालच्या श्रेणीच्या थोड्या वाहतुकीवर चालवायचं, काही वेळ पाहायचं आणि मग वर न्यायचं, अशी व्यवस्था असेल तरच वेगळी हमी खरी ठरते. हे ग्राहकांना उघड सांगा. मोफत सेवा घेणारा ते आनंदाने स्वीकारतो.

पाचवी पायरी: आकडे बसवताना

समजा, दहा ग्राहक आहेत. त्यातले आठ अ गटातले, संथ डाउनलोडवाले. दोन ब गटातले, ऑनलाइन विक्री करणारे, ज्यांना पान उशिरा उघडलं की गिऱ्हाईक जातं. आकडे कुठल्याही चलनात धरा. साधी सेवा द्यायला तुम्हाला ६० खर्च येतो, उत्तम सेवेला ९०. अ गटाला साधी सेवा १०० ची वाटते, उत्तम ११० ची. ब गटाला साधी १६० ची, उत्तम ३०० ची.

मोह होतो की साधी ९५ ला आणि उत्तम २९० ला विकावी. ब तर ३०० मोजायला तयार आहे! पण ब काय करील? उत्तम घेतली तर त्याचा १० चा फायदा, साधी घेतली तर १६० वजा ९५, म्हणजे ६५ चा. तो मुकाट साधीच घेईल. दहाही जण साध्या सेवेत बसले, प्रत्येकी नफा ३५, एकूण ३५०.

उत्तम २३० ला ठेवली तर ब ला तिच्यात ७० चा फायदा दिसतो, साधीपेक्षा जास्त, म्हणून तो वर येतो. आता नफा अ कडून २८० आणि ब कडून २८०, एकूण ५६०. दर उतरवून नफा वाढला. साधी सेवा बंद करून फक्त उत्तम २९५ ला विकली असती तर आठ जण गेले असते आणि दोघांकडून ४१० मिळाले असते.

याच्यापुढचा डाव कुंपणाचा आहे. बदलत्या पानांसाठीचा वेगवान मार्ग साध्या सेवेतून काढला असं समजा. अ गटाला त्याचं काहीच नाही, तो तर फायलीच वाटतो. ब च्या लेखी साध्या सेवेची किंमत १६० वरून १२० वर येते. आता साध्या सेवेत त्याचा फायदा फक्त २५ उरतो, आणि उत्तम सेवा २७० ला विकली तरी त्याला ३० मिळतात. नफा २८० अधिक ३६०, एकूण ६४०. यासाठी अ गटातल्या कोणाचंही काही हिरावून घ्यावं लागलं नाही. चांगलं कुंपण असं असतं: एकाला अत्यंत गरजेचं, दुसऱ्याला बिनमहत्त्वाचं.

तुमच्याकडे ग्राहकांच्या मनातले हे आकडे तयार नसणार. विक्री करणाऱ्यांना विचारा की ग्राहक कोणत्या मुद्द्यावर अडतो, कोणती सोय नसली तर तो निघून जाईल. सोडून गेलेल्यांची कारणं वाचा. आकडे अंदाजाचे असले तरी कुंपण कोणत्या जागी घालायचं हे त्यातून स्पष्ट होतं. श्रेणी तीनच ठेवा, फार तर चार. पाचव्या श्रेणीचं स्पष्टीकरण विक्रेत्यालाच देता येत नाही.

सहावी पायरी: स्लॅबमधली दरड

श्रेणीच्या आत वापर वाढला की दर उतरतो, ते स्लॅब. ते दोन तऱ्हांनी लावता येतात आणि चूक नेमकी इथे होते. १० टीबीपर्यंत प्रत्येक टीबीला ४०, त्यापुढे ३० असं धरा. संपूर्ण वापराला नवा दर लावलात तर १० टीबीचं बिल ४००, आणि ११ टीबीचं ३३०! साडेसात ते दहा टीबी वापरणाऱ्या प्रत्येकाला जास्त डेटा जाळून बिल कमी करण्याची सोय तुम्ही करून दिलीत. काही ग्राहक खरोखर तसं करतात, चाचणीच्या नावाखाली फायली ओढत राहतात.

टप्प्याटप्प्याने लावलात, म्हणजे पहिल्या १० टीबीला ४० आणि पुढच्यालाच ३०, तर ११ टीबीचं बिल ४३० येतं आणि दरड नाहीशी होते. क्लाउडफ्रंटचे स्लॅब असेच आहेत: पहिले १० टीबी, पुढचे ४०, त्यापुढचे १००, असे चढत जातात. मोठ्या ग्राहकाला सरासरी दर तोंडपाठ हवा असतो, म्हणून टप्प्यांबरोबर ‘अमुक वापराला सरासरी इतका’ असा छोटा तक्ता द्या.

सातवी पायरी: किमान वापराचा करार आणि त्यावरचा वापर

ग्राहक महिन्याला किमान अमुक वापराचे पैसे देईन असं कबूल करतो, त्या बदल्यात दर कमी मिळतो. याला कमिट म्हणतात. कमिटपेक्षा जास्त वापराचा दर किती ठेवावा यावर दोन मतं आहेत. काही जण तो दंडासारखा चढा ठेवतात. मला ते मान्य नाही. ज्या महिन्यात ग्राहकाचा धंदा चालला त्याच महिन्यात त्याच्यावर चाप बसतो, आणि पुढच्या वाटाघाटीला तो राग मनात ठेवून येतो. जास्तीच्या वापराला कमिटचाच दर किंवा फार तर एक स्लॅब वरचा दर पुरे. मोसमी ग्राहकाला मासिकऐवजी वार्षिक कमिट द्या, दोघांचंही काम सोपं होतं.

एक धोका मात्र ओळखून ठेवा. मोठे ग्राहक एकाच वेळी दोन-तीन सीडीएन वापरतात. रोजची सपाट वाहतूक सर्वांत स्वस्ताकडे आणि उसळ्या तुमच्याकडे, अशी वाटणी ते सॉफ्टवेअरने क्षणाक्षणाला करू शकतात. तुमच्या तक्त्यात अशा ग्राहकाचं गुणोत्तर ४-५ दिसेल. अशांना जीबीचा कमी दर देताना कमिट एकूण डेटावर न ठेवता त्यांच्या वाहतुकीच्या वाट्यावर ठेवा, किंवा राखीव क्षमतेचा आकार लावा.

आठवी पायरी: भांडणं कुठे होतात ते आधीच लिहा

जीबी म्हणजे १०० कोटी बाइट की २ चा ३०वा घात? जीबीला फरक सुमारे ७ टक्के, टीबीला जवळपास १० टक्के. करारात एक व्याख्या लिहा. डेटा लॉगमधून मोजता की पोर्टवरून, तेही लिहा. डेटा ज्या तुकड्यांतून जातो त्या १,५०० बाइटच्या पॅकेटमध्ये आयपीव्ही४ आणि टीसीपी या नियमांचे हेडर (पत्ता वगैरे माहिती) मिळून किमान ४० बाइट असतात, हरवलेली पॅकेटं पुन्हा जातात, म्हणून पोर्टवरचा आकडा लॉगपेक्षा नेहमी मोठा येतो. बिल लॉगवर करा आणि हा फरक दरातच धरा. ग्राहकाला पोर्ट दिसत नाही, जे दिसत नाही त्याचे पैसे मागू नका.

हल्ल्याची वाहतूक कोण भरणार, कॅशे रिकामा करण्याच्या किती विनंत्या मोफत, महिना कोणत्या कालविभागाने मोजायचा, खर्चाची मर्यादा ओलांडली तर सेवा थांबवायची की फक्त कळवायचं, या चार प्रश्नांची उत्तरं ग्राहकाने विचारण्याआधी द्या. शेवटच्या प्रश्नात निवड ग्राहकाकडे असावी. विक्रीचं संकेतस्थळ मध्यरात्री बंद पडणं त्याला बिलापेक्षा महाग असू शकतं.

बाहेर पडण्याचं कलमही स्वच्छ असू द्या. २००१ मध्ये लाइमलाइट नावाने सुरू झालेली आणि २०२२ मध्ये एजिओ नाव घेतलेली सीडीएन कंपनी सप्टेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि जानेवारी २०२५ मध्ये तिचं जाळं बंद झालं. तेव्हापासून जाणता ग्राहक दराच्या आधी हे विचारतो की उद्या तुम्ही नसलात तर माझी मांडणी, प्रमाणपत्रं, नियम मला किती दिवसांत आणि कोणत्या स्वरूपात मिळतील.

नववी पायरी: जुन्या बिलांवर चालवून बघा

नवं दरपत्रक जाहीर करण्याआधी गेल्या बारा महिन्यांचा प्रत्यक्ष वापर त्यावर चालवा. प्रत्येक ग्राहकासाठी जुनं बिल, नवं बिल आणि गर्दीतल्या वाट्यावरून काढलेला खर्च शेजारी-शेजारी मांडा. ज्यांचं बिल वाढतंय आणि गुणोत्तर १ पेक्षा कमी आहे, अशी नावं निघाली तर मांडणीत चूक आहे, ती दुरुस्त करा. ज्यांचं बिल उतरतंय आणि गुणोत्तर ३ आहे, तिथेही तेच.

याच तक्त्यावर प्रत्येक ग्राहक आपल्यासाठी सर्वांत स्वस्त श्रेणी निवडील असं धरून पुन्हा एकदा मिळकत काढा. ग्राहक शेवटी हेच करतात, आणि विक्री विभागाने गृहीत धरलेली विभागणी इथे मोडते.

जुन्या ग्राहकांना कराराची मुदत संपेपर्यंत जुनाच दर ठेवा आणि त्याआधी किमान दोन बिलांवर ‘नव्या दराने हे बिल इतकं झालं असतं’ अशी ओळ छापा. वाढ ज्यांना लागणार आहे त्यांच्याशी फोनवर बोला आणि त्यांच्या वाहतुकीचा पाच-पाच मिनिटांचा आलेख समोर ठेवा. संध्याकाळच्या गर्दीत अपडेट वाटणाऱ्या कंपनीला तो आलेख दाखवला की बरेचदा ती स्वतःच विचारते, आम्ही हे रात्री दोननंतर सोडलं तर दर किती? त्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या दरपत्रकात रिकाम्या वेळेची श्रेणी म्हणून तयार असलं पाहिजे.

ट्रान्झिटचे करार नवे झाले, एखाद्या प्रदेशात नवं पीअरिंग (दुसऱ्या जाळ्याशी थेट देवाणघेवाण) मिळालं किंवा सर्व्हरची पिढी बदलली की पहिल्या दोन पायऱ्यांचा तक्ता पुन्हा काढा. निदान सहा महिन्यांतून एकदा तरी तो काढाच, दर बदलायचे नसले तरी.